एकच हात

पहिल्या आठवड्यातच हालग्रिमनं आम्हाला कोरेमामाला वाचवायला शिकवलं. कोरेमामा म्हणजे नारिंगी कापडाचा एक बाहुला. अंगानं माणसाएवढा, चेहरा कुणीतरी मार्करनं काढलेला, आणि तोही दारू प्यायल्यासारखा. हालग्रिम न सांगता त्याला समुद्रात फेकायचा आणि मग आमची पळापळ बघत उभा राहायचा.

हालग्रिम ‘तेर्ना’चा पहिला अधिकारी होता, कॅप्टनच्या खालोखाल त्याचाच शब्द. ‘तेर्ना’ हे तीन डोलकाठ्यांचं नॉर्वेचं शिडाचं जहाज, आणि आमच्या शाळेचं शेवटचं वर्ष त्याच्यावरच. सकाळी गणित, दुपारी शिडं, मधल्या वेळात ओकाऱ्या. आईबापांना वाटत होतं पोरं जग बघतायत. आम्ही बहुतेक वेळ बादलीचा तळ बघत होतो.

कोरेमामाचा नियम सोपा होता. माणूस पडताना जो पहिला बघेल त्यानं आरोळी द्यायची, हात लांब करायचा, आणि नजर त्या माणसावरून हलवायची नाही. दोर टाकायला जायचं नाही, रडायचं नाही, मागं वळायचं नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. एकदा नजर हटली की संपलं. खाली सोडलेली होडी त्या हाताच्या दिशेनं जाते, कारण होडीतून तर काहीच दिसत नाही.

पहिल्या सरावात आम्ही सगळ्यांनीच हात केले, प्रत्येकाचा वेगळीकडं. होडी भोवऱ्यासारखी फिरत राहिली. हालग्रिम असा पेटला की सांगता सोय नाही.

“ही काय वरात आहे? एक जहाज, एक हात! ज्यानं आरोळी दिली त्याचा हात. बाकीच्यांनी तोंड शिवून घ्यायचं. कळलं का, म्हशींनो?”

हे त्यानं इतक्या वेळा कानीकपाळी ओरडून सांगितलं की झोपेतही आम्ही ते बडबडायला लागलो. पुढच्या सरावात एम्ब्लानं नाक खाजवायला क्षणभर हात खाली घेतला. एम्ब्ला आमच्याच पाळीतली, ट्रोम्सोची, हुशार, शिकवलेलं काही न विसरणारी. हालग्रिमनं त्या संध्याकाळी ओल्या कोरेमामाला तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि तिला त्याच्या ताटात बटाटे वाढायला लावले. “विचार त्याला, मेल्यावर भूक लागते का.” सगळे हसले. तीही हसली, पण तिचे कान लालबुंद झाले होते.

माझ्या झोळीशेजारची झोळी श्यूरची. खाली सगळ्यांच्या झोळ्या एकाला एक लागून, जहाज कललं की शेजाऱ्याचं ढोपर बरगडीत. श्यूर सोग्नचा. घरी तो आणि त्याची आई गुदवेग, एवढीच माणसं. बाप लहानपणीच सोडून गेलेला. त्याच्या पेटीत आईनं दिलेलं तपकिरी चीज होतं आणि ते तो कुणाला देत नव्हता, मला सोडून. मीही रोज चावा घेताना नाक मुरडायचो. आमच्या तेलेमार्कच्या घरी शेळ्या आहेत. आमच्या चीजपुढं त्याचं म्हणजे साबण.

“शेळीवाल्या, नको तर ठेव खाली,” तो म्हणायचा.

“साबण फुकट घालवू नये,” मी म्हणायचो.

फ्रान्समधल्या सँ-मालो बंदरात आम्ही दोघं हरवलो. कालवं खाऊन माझ्या पोटाचं वाटोळं झालं होतं, भरतीच्या पाण्यानं परतीची वाट बुडाली, आणि श्यूरनं मला जवळजवळ पाठुंगळी घेऊन धक्क्यावर आणलं. जहाज आमच्यासाठी थांबलं होतं. महिनाभर संडास घासायची शिक्षा झाली. मी आजारी म्हणून माझ्या वाटचेही त्यानंच घासले, आणि रोज ऐकवलंही. असा मित्र पुन्हा मिळालेला नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही.

बिस्केच्या उपसागरात वारा चढला. ऑक्टोबरातली दुपार होती, आभाळ शिशासारखं, लाटा मोठ्या पण वेड्या नव्हेत. वरची शिडं गुंडाळायचा हुकूम आला आणि आम्ही चौघं पुढच्या डोलकाठीवर चढलो. आडव्या काठीवर पोट टेकायचं, पाय खालच्या दोरावर, कमरेच्या पट्ट्याचा हूक लोखंडी कांबीला. श्यूर माझ्या उजवीकडं होता. काम झाल्यावर त्याला डोलकाठीच्या पलीकडं जायचं होतं. मधे हूक काढून पुढच्या कांबीला लावावा लागतो. रोज करतो ते काम. त्यानं हूक काढला, जहाज कललं, आणि तो गेला.

ओरडलाही नाही. मी बघतो तर शेजारी नुसता दोर हलत होता.

खाली डेकवरून एम्ब्लाची आरोळी आली, “माणूस पडला!” आणि तिचा हात कठड्यावरून ताठ बाहेर गेला. सगळं सरावात व्हायचं तसंच झालं. जीव वाचवायचं तरंगतं कडं पाण्यात पडलं, सुकाणू फिरलं, शिडं फडफडली. पण शिडाचं जहाज म्हणजे ट्रक नव्हे, ब्रेक दाबला की थांबायला. ते थांबेपर्यंत आम्ही पुष्कळ पुढं निघून आलो होतो. आणि डोलकाठीवरच्यांसाठी हुकूम एकच होता, आहात तिथंच धरून बसा. त्या गडबडीत आणखी एक पडायला नको.

मी वर होतो म्हणून मला तो दिसत होता. पिवळं जाकीट. लाटेबरोबर वर यायचं, खाली जायचं, पुन्हा वर यायचं. जहाज वळत होतं तसा तो आमच्या नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या बाजूला येत गेला. आणि एम्ब्लाचा हात मागं, भलतीकडं, फेसाच्या एका पट्ट्याकडं.

आधी मला वाटलं, मीच चुकतोय. मग पुन्हा बघितलं. पिवळं जाकीट होतं, डोकं होतं, चुकण्यासारखं काही नव्हतंच.

“तिकडं नाही!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. “पुढं! नाळेकडं! मला दिसतोय!”

होडी पाण्यात उतरत होती. हालग्रिमनं मान वर केली. वाऱ्यातून त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “तोंड बंद! एक हात! वरून शेळ्या हाकू नकोस, तोर्युस!”

होडी निघाली, एम्ब्लाच्या हाताच्या दिशेनं. माझ्याशेजारची पोरगी रडायला लागली होती, तिलाही काही दिसत नव्हतं, मधे शीड होतं. मी ओरडत राहिलो. माझ्या घशातून पुढं नुसती हवा येत होती.

श्यूरनं होडी बघितली. हे मी नीट सांगतो, कारण हे फक्त मला माहीत आहे. तो लाटेवर चढला, त्याला होडी दिसली आणि त्यानं हात वर केला. पूर्ण हात, वर्गात उत्तर येत असताना करतो तसा. पुढच्या लाटेवर पुन्हा केला. तिसऱ्या वेळी तो वर आला तेव्हा होडीची पाठ त्याच्याकडं होती आणि ती लांब जात होती. त्यानं हात खाली घेतला. नुसता बघत राहिला तिच्याकडं.

मी हूक काढला. हुकूम गेला खड्ड्यात. दोरांच्या शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही, तळहाताची सालं निघाली ती नंतर बघितली. कॅप्टन सुकाणूपाशी उभी होती, बोर्गनी नाव तिचं, शांत बाई. मी तिचं जाकीट धरून तिला अक्षरशः गदागदा हलवलं. “नाळेकडं आहे तो! तुझी शपथ, मला दिसला!” तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच वायरलेस उचलून होडीला वळायला सांगितलं. एक शब्दही उलट विचारला नाही. मला हे तिला आधी सांगता आलं असतं तर, असं मी अजूनही म्हणतो, आणि म्हणून काही होत नाही.

डेकवरून मला काहीच दिसत नव्हतं. नुसत्या लाटा, सगळ्या सारख्या. होडी तिथं पोचली आणि गोल फिरायला लागली, पहिल्या सरावासारखी.

एम्ब्लाचा हात अजून तसाच होता. जहाज इतकं वळलं होतं की ती आता स्पेनच्या किनाऱ्याकडं दाखवत होती. कुणीतरी तिला मिठी मारून तो हात खाली घेतला. तो वाकत नव्हता.

संध्याकाळच्या आत किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर आलं आणि त्याला श्यूर सापडला. त्यांनी त्याला दोरानं वर ओढलं, तेव्हा त्याचे पाय हलत होते, पण ते वाऱ्यानं.

स्पेनमधल्या ला कोरुन्या बंदराला पोचेपर्यंत जहाजावर कुणी मोठ्यानं बोललं नाही. आमच्याकडं दुःखात गप्प बसायचीच रीत आहे. लोक कॉफी आणून देतात आणि खांद्याला हात लावून निघून जातात. मला कॉफी भिरकावावीशी वाटायची. हालग्रिम मात्र एकदा माझ्यासमोर येऊन बसला.

“मी ऐकलं होतं तुझं,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“दोन हात झाले की होडी कुठंच पोचत नाही. मी हे आयुष्यभर शिकवत आलोय. आणि खरं आहे ते.”

“मग पोचली ना होडी,” मी म्हणालो. “बरोबर पोचली.”

त्यानं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला आणि भिंतीला हात लावत लावत गेला, समुद्र शांत असूनही.

एम्ब्ला त्या रात्रीपासून श्यूरच्या रिकाम्या झोळीखाली जमिनीवर झोपायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “तो पडल्यावर दुसऱ्याच लाटेत दिसेनासा झाला. मला वाटलं, येईल वर. नाही आला.”

“मग सांगायचं ना, दिसत नाही म्हणून!”

“हात खाली घेतला असता तर त्यांना वाटलं असतं तो बुडाला. होडी गेलीच नसती. मी ठरवलं, तो असेलच तिथं कुठंतरी.” मग तिनं विचारलं, “तुला किती वेळ दिसत होता?”

मी तिला सगळं सांगितलं. हात वर केल्याचं, होडीनं पाठ फिरवल्याचं, सगळं. राग होता माझ्या मनात, आणि तो कुणावर तरी काढायचाच होता. ती ऐकत राहिली. एकदाही तिनं मला थांब म्हटलं नाही.

गुदवेग विमानानं ला कोरुन्याला आली. ठेंगणी, जाड विणीचा स्वेटर, पायांत डोंगरात घालायचे बूट. शवागारातून ती सरळ जहाजावर आली. आम्ही सगळे तिच्यासाठी जेवणघरात उभे होतो. तिनं एकेकाशी हस्तांदोलन केलं, प्रत्येकाला नाव विचारलं, जसं काही तिलाच आमचं सांत्वन करायचं होतं. एम्ब्लाचं नाव ऐकल्यावर तिनं हात सोडला नाही.

“तू का ती? कॅप्टननं फोनवर सांगितलं मला. शेवटपर्यंत तू त्याच्यावरून नजर काढली नाहीस.”

गुदवेगनं दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला.

“मी त्याच एका गोष्टीवर उभी आहे बघ, बाळ. पाण्यात पोरगं एकटं नव्हतं. कुणीतरी त्याला बघत होतं.”

“नाही,” एम्ब्ला म्हणाली. कॅप्टननं चटकन तिच्याकडं बघितलं, पण ती थांबली नाही. “मला तो दिसतच नव्हता. मी नुसतीच हात करून उभी होते. होडी माझ्यामुळं चुकली.”

हालग्रिम दारात होता, त्यानं डोळे मिटून घेतले. गुदवेगला ते समजायला वेळ लागला. मला वाटलं, आता ही हिच्या तोंडात मारणार, आणि मारलीच तर मी मधे पडणार नाही, असंही माझ्या मनात येऊन गेलं. तिनं फक्त हात सोडला. सावकाश, गरम भांडं ठेवावं तसा.

“म्हणजे कुणालाच दिसत नव्हता?”

“मला दिसत होता,” मी म्हणालो. “मी वर होतो, काठीवर. मी तोर्युस.”

“शेळीवाला,” ती म्हणाली. त्यानं घरी सांगितलं होतं. ती माझ्याजवळ आली, इतकी जवळ की तिला मान वर करावी लागली.

“शेवटपर्यंत बघितलंस?”

“खाली उतरेपर्यंत. बराच वेळ.”

“घाबरला होता?”

“लांबून चेहरा दिसत नव्हता. पोहत होता. नीट पोहत होता.”

तिनं मान हलवली, हे तिला पटलं होतं, गावाकडच्या फियॉर्डच्या खाडीत तिनंच त्याला पोहायला शिकवलं असणार. मग तिनं ते विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार, ती बोटीवर चढली तेव्हापासून माहीत होतं.

“होडी भलतीकडं जाताना त्याला दिसली का रे?”

एम्ब्ला माझ्याकडं बघत होती. उत्तर तिला ठाऊक होतं, मीच दिलं होतं तिला, दातओठ खाऊन. आता मी बोललो असतो तर खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असतं, हालग्रिमलाही, आणि त्याला कळावं असं मला फार वाटत होतं.

“नाही,” मी म्हणालो. “लाटा उंच होत्या. त्याला होडी दिसलीच नाही.”

“बरं झालं,” गुदवेग म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.