बाबांना मारणारी गाठ

तीन डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही असे सांगितले, तेव्हा दादा त्या तिघांवरही संतापला. चौथ्याने तारीख दिली. त्याच्यासाठी तो फळांची करंडी घेऊन गेला.

त्याच्या प्रोस्टेटमधला कर्करोग लहान आणि सर्वांत सौम्य प्रतीचा होता. सख्ख्या भावाचे निदान आपण करू नये, म्हणून तपासणीसाठी काढलेले तुकडे माझ्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने तपासले. एमआरआयमध्ये काही वावगे नव्हते, वारशाच्या जनुकांतही दोष सापडला नाही. ठरावीक काळाने रक्त आणि एमआरआय पाहायचे, अधूनमधून तुकडा काढायचा, आजाराने रूप बदलले तरच उपचार करायचे, असा सल्ला होता. ऑपरेशनने लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंधाची क्षमता जाऊ शकते, हे दादाला पाठ होते. जाऊ दे, म्हणाला.

दादाचा धंदा घरांतली वाळवी मारण्याचा. वहिनी म्हणाली, लोकांच्या घरी हा आधी लाकूड ठोकून पाहतो, स्वतःच्या बाबतीत थेट भिंत पाडायला निघालाय. तो हसला नाही. याच रोगाने बाबांची हाडे पोखरली होती आणि शेवटी त्यांची कूस बदलायला तोच होता. "त्याला मी जिवंत सोडणार नाही," एवढेच तो दात आवळून म्हणे.

तारीख जवळ आली तेव्हा मी त्याला प्रयोगशाळेत नेले. दोघांना एकाच वेळी पाहता येते अशा सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या तुकड्याची काच ठेवली आणि कर्करोगाची जागा दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून बसला.

"एवढाच आला?"

"कुठून?"

"बाबांच्यातून माझ्यात."

"दादा, हा तुझ्याच पेशींतून झालाय. धोका वारशाने येतो, गाठ येत नाही."

"मग त्यांना मारणारा कुठेय?"

"त्यांच्याबरोबरच मेला."

त्याने मान वर केली नाही. "मग हा कोण?"

"तुझा भाडेकरू. नजर ठेव. माजला तर मीच तुला ऑपरेशनला पाठवीन."

बाहेर येऊन त्याने चौथ्याला फोन केला आणि तारीख रद्द केली. सुटका झालेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. शिकार हातची गेलेल्या माणसाचा होता.

तिघांवरच्या संतापाचे कारण असे: बाबांचा खुनी आपल्या पोटात आहे अशी त्याची खात्री होती, आणि ते तिघे त्याला जिवंत राहू द्या म्हणत होते.