हैदराबादची प्रत

अप्पा गेल्यावर चौदाव्या दिवशी मालोजीनं त्यांचा कम्प्युटर पुसला.

मालोजी माझा धाकटा भाऊ. चेन्नईत वेलचेरीच्या घरात अप्पांबरोबर तो आणि त्याची मुलगी नित्या राहायचे. त्याचा फोन आला तेव्हा मी गिंडीला ऑफिसात होते. "अक्का, अप्पांचं सगळं काढलं आणि मशीन नित्याला शाळेसाठी दिलं. प्रत तुझ्याकडं आहेच."

प्रत होती. तंजावरकडच्या आमच्या मराठी म्हाताऱ्या बायकांकडून अप्पांनी अकरा वर्षं आमच्या बोलीतले शब्द गोळा केले होते: शब्द, अर्थ, कुणी सांगितला. वेलचेरीत पाणी शिरतं म्हणून मी हैदराबादच्या एका सर्व्हरवर त्यांची प्रत ठेवली. इथं जे बदलेल ते तिथं आपोआप बदलायचं, पण मुद्दाम एक दिवस उशिरानं. इथं चुकून काही पुसलं गेलं तर चोवीस तास हातात राहावेत म्हणून.

अप्पांना ते पटेना. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली होती. पेटी उतरल्याचं पलीकडून कळेपर्यंत ते जेवणाचा डबा उघडत नसत. शब्द घातला की मला फोन.

"कनका, पोचला काय?"

"उद्या पोचेल, अप्पा."

"मी हैदराबादला एका रात्रीत पेट्या पोचवत होतो. तुझा शब्द काय बैलगाडीनं जातो?"

रोज हेच, तेही मीटिंगच्या मधोमध. शेवटी मी तो एक दिवस काढून टाकला आणि त्यांच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका लावून दिला. "हिरवा झाला की पोचला. आता फोन करायला नको."

त्यांनी केला नाही. चार महिन्यांनी ते गेले.

मालोजीचा फोन चालू असतानाच मी सर्व्हर उघडला. शून्य नोंदी. त्यानं सगळ्या ओळी निवडून पुसल्या, त्याच क्षणी हैदराबादनंही पुसल्या. मग त्यानं मशीन कोरं केलं. नुसतं तळ्यात फेकलं असतं तर प्रत वाचली असती. ऑफिसच्या डेटाचा मी रोज वेगळा बॅकअप घेते. अप्पांच्या शब्दांचा एकदाही घेतला नव्हता.

"परत आणता येईल ना?"

"नाही."

"तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तूच सांगत होतीस, प्रत आहे म्हणून."

"सांगत होते."

"मग मला काय माहीत, अक्का?"

त्याचं बरोबर होतं. चूक असतं तर भांडता तरी आलं असतं.

दळून झाल्यावर जात्याभोवतीचं पीठ टिपून घ्यायचं एक फडकं असतं. त्याला आमच्यात एक शब्द आहे. सकवारबाईंनी तो सांगितला होता. त्याही आता नाहीत. अप्पांचा शेवटचा फोन त्याच शब्दासाठी होता, ठिपका लावायच्या आदल्या दिवशी. "पोचेल तेव्हा पोचेल, तू तरी ऐकून ठेव," असं म्हणून त्यांनी तो दोनदा म्हटला.

मी मेल वाचत होते. "ऐकला, अप्पा," म्हटलं.