तीनची तपासणी

बरोबर तीन वाजता आजींनी चष्मा पुसला, खुर्ची संगणकापुढे ओढली आणि ‘तपासणी सुरू करा’वर क्लिक केलं. पडद्यावरून फायलींची नावं हळूहळू सरकू लागली.

‘किटलीची शिट्टी’. ‘गच्चीवरचा वारा’. ‘मोठ्या घड्याळाचे ठोके’.

आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि सुटीच्या दिवशी घरातले आवाज टिपून ठेवले. ते गेल्यापासून आवाज ऐकायला आजींचं मन धजावत नसे. नावं मात्र त्या रोज वाचत. वाचता वाचता दुपार पातळ होई, खोली कुठेतरी तरंगत निघे. मध्येच उठलं तर व्हायरस डोळा चुकवून आत शिरेल, असा त्यांचा ठाम समज होता. फोन वाजून वाजून थकला तरी त्या जागच्या हलत नसत.

आज मात्र लेकीनं बोलावलेला दुरुस्तीवाला शेजारी येऊन बसला.

“आजी, हे संरक्षण फार जुनं झालंय. याच्या भरवशावर राहिलात तर एक दिवस सगळे आवाज जातील.”

“सगळे?”

“एकूण एक. नवीन घालतो. ते आपलं आपण तपासतं. तुम्ही बघत बसायला नको.”

“आणि ही नावं?”

“ती नाही दिसणार.”

आजींचा चेहरा उतरला. तेवढ्यात ‘हिचं गुणगुणणं’ वर सरकलं. आपण गुणगुणतो, हे त्यांना याच नावावरून कळलं होतं. एवढ्या वर्षांत आजोबांनी तोंडानं कधी पत्ता लागू दिला नव्हता, लबाड माणूस!

“आई, किती दिवस राखण करणार?” मागे उभी असलेली लेक हळूच म्हणाली.

शेवटचं नाव सरून जाईपर्यंत आजी थांबल्या. मग खुर्ची सोडून उठल्या.

“घाला नवीन. आवाज राहिले पाहिजेत.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या सवयीनं खुर्चीत येऊन बसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण तेवढी होती. आजींनी डोळे मिटले. किटलीची शिट्टी, गच्चीवरचा वारा, मोठ्या घड्याळाचे ठोके... एकही नाव चुकलं नाही.

चहा घेऊन आलेली लेक दारातच थबकली. किती वर्षांनी ऐकत होती ती हे.

“आई, काय करतेस?”

गुणगुणणं थांबलं.

“काही नाही गं,” डोळे न उघडता आजी म्हणाल्या, “तपासतेय.”