पहिला बार

"काडतुसं तुम्हीच काढा, काकी. माझा हात त्यांना लगेच कळतो," मंदण्णा म्हणाला.

त्याचे काका कुट्टय्या हातभर अंतरावर दुनळी मांडीवर घेऊन बसले होते, तरी त्याने आवाज उतरवला नव्हता. तोफखान्यातल्या सव्वीस वर्षांनी सुभेदारांचे कान नेले होते आणि काचबिंदूने, निवृत्तीनंतर, डोळे.

"आणि चार घरच्या पाहुण्यांदेखत त्यांच्या हाती रिकामी बंदूक देऊ?" चोंदम्मांनी विचारले.

"गेल्या वर्षी नळी कुठं वळली होती, विसरलात? छर्रे पोरींच्या डोक्यावरून गेले! मी मागं उभा राहून माझ्या बंदुकीचा बार काढतो. त्यांना ना दिसणार, ना ऐकू येणार. चाप ओढल्याचं समाधान मिळालं म्हणजे झालं."

कैलपोदाचा, शस्त्रांच्या सणाचा, दिवस होता. शस्त्रांची पूजा आटोपली होती. मैदानात नारळावर नेम धरण्याआधी पहिला बार आभाळात काढायचा, आणि तो घराण्यातल्या थोरल्याने, अशी कोडगूतल्या या घराची रीत होती. चोंदम्मांच्या शब्दाबाहेर इथे भाताचे रोपही लागत नसे. म्हणून हा निर्णयही त्यांनाच घ्यावा लागणार होता.

त्यांनी नवऱ्याचा तळहात उलगडून त्यावर बोटाने लिहिले: फूल.

"बांध, बांध! पण घट्ट बांध," कुट्टय्या नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. "गेल्या खेपेला सुटलं होतं. पलटणीत असतीस तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या!"

कळलावीचे फूल नळीला बांधताना चोंदम्मांनी दुनळी उघडली. दोन्ही काडतुसे काढून त्यांनी कनवटीला लावली.

मैदानात मंदण्णाने काकांना कोपराला धरून उभे केले. काळ्या अंगरख्यावर लाल पट्टा कसलेले कुट्टय्या ताठ झाले, दस्ता खांद्यात रुतवला, नळी आभाळाकडे नेली आणि चाप ओढला. त्याच क्षणी मागे मंदण्णाचा बार झाला. माडावरचे कावळे उडाले, लोकांनी टाळ्या पिटल्या.

कुट्टय्यांचा खांदा मात्र तसूभरही हलला नव्हता.

ते जरा जास्तच वेळ तसेच उभे राहिले. मग बंदूक खाली घेऊन त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा चोळला, धक्का बसल्यावर चोळतात तसा.

"झाला! आता नारळ पाडा रे!"

"बघा, कळलंसुद्धा नाही," मंदण्णा हसला.

चोंदम्मा हसल्या नाहीत.

डुकराचे मटण आणि कडंबुट्टूचे, तांदळाच्या वाफवलेल्या गोळ्यांचे, जेवण झाल्यावर कुट्टय्यांनी ओसरीवर तेल, गज आणि फडके मागवले.

"बार झालेली बंदूक पुसल्यावाचून ठेवू नये. गंज चढतो."

त्यांनी फडके गजाला गुंडाळून नळीतून फिरवले, बाहेर काढून नाकाशी धरले आणि पुन्हा आत घातले. तीनतीनदा. दुसरी नळीही त्यांनी तशीच पुसली.

"काजळी फार धरली होती," ते म्हणाले.

चोंदम्मांनी त्यांचा तळहात हाती घेतला आणि बोट टेकवले. कुट्टय्या अक्षराची वाट पाहत राहिले. बोट जिथल्या तिथेच राहिले. अखेर कुट्टय्यांनी हात अलगद सोडवून घेतला.

"दुसरं फडकं दे. हे मळलं."

चोंदम्मांनी ते पांढरेशुभ्र फडके त्यांच्या हातून घेतले आणि दुसरे दिले.