अर्धी तुला, अर्धी मला

मी गोळ्यांची डबी. कप्पे सात, झाकणं सात. तोंड मात्र आजच उघडतेय. कारखान्यातल्या साच्यातून माझ्यासारख्या ढिगानं बाहेर पडल्या. पुढं औषधाच्या दुकानात काचेआड मी बरेच दिवस धूळ खात बसले. शेवटी एका शिंप्यानं मला उचलून घरी आणलं.

शिंपीकाकांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली, तीही जन्मभराची. दर रविवारी काका गोळ्या ब्लेडनं कापायचे आणि काकू ते तुकडे माझ्या कप्प्यांत भरायच्या. उभा जन्म कापण्यातच गेलेला माणूस, तुकडे अगदी सारखे पडायचे. सकाळी एक तुकडा काका घ्यायचे, दुसरा काकू.

त्याचं असं झालं, शेजारणीच्या मशीनवर काकूंनी सहज गंमत म्हणून प्रेशर बघितलं, तर त्यांचंही चढलेलं निघालं. काका म्हणाले, "उद्याच दवाखान्यात चल."

काकूंनी ते उडवूनच लावलं. "घरात एक आजारी पुरे. आणि दुखणं एकच, तर औषधही एकच. द्या अर्धी इकडे!"

काका नाही-नाही म्हणाले, पण काकूंपुढं त्यांचं कधी चाललंय? मला काय, ठेवलं ते सांभाळायचं.

काकांचं प्रेशर काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी बदलली, काकांनी तीही कापली. मग काकांच्या रक्तात साखर सापडली आणि साखरेची गोळी सुरू झाली. रविवारी काका ब्लेड हातात घेऊन थांबले.

"अगं, तुला कुठं साखर आहे?"

"आज नाही, उद्या होईल. आधीच बंदोबस्त केलेला बरा."

धन्य ती माऊली! तीही गोळी कापली गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी रुग्णालयातून पाहणीवाली ताई आली. जुनाट दुखण्याची माणसं घरी औषध कशी घेतात, त्यांना गुण किती येतो, याचा अभ्यास करत ती घरोघर हिंडत होती.

"काका, आमच्या नोंदींत तुमच्याइतका नेमाचा पेशंट नाही," ती म्हणाली. "गोळ्या वेळेवर नेता, वेळेवर संपवता, तरी गुण नाही. हे औषध तुम्हाला लागूच पडत नाही असं दिसतंय. डॉक्टर आता जास्त कडक औषध द्यायचं म्हणताहेत."

काकांनी मान खाली घातली. पाहुणी आली म्हणून काकू उपाशीपोटीच चहा टाकायला आत गेल्या होत्या. तेवढ्यात भांडं पडल्याचा आवाज आला. दोघं धावले. काकू मोरीपाशी बसकण मारून होत्या, अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते.

"कसली गोळी घेतलीत का?" ताईनं विचारलं. काकूंनी नवऱ्याकडं बघून मान हलवली, सांगू नका म्हणून.

काकांनी बायकोचं ऐकलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी मला उघडून ताईच्या हातात दिलं. "माझी साखरेची. अर्धी. प्रेशरचीही रोज अर्धी घेते." बोलताना ते रडत होते.

ताईनं आधी साखरेचं पाणी पाजलं, मग गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत तिनं माझे कप्पे बघितले. "म्हणजे औषध लागू पडत नव्हतं असं नाही, काका. ते पुरेसं कुणाच्याच पोटात गेलं नाही."

काकू वाचल्या. त्यांना त्यांची वेगळी गोळी मिळाली, घरात दुसरी डबीही आली. काकू म्हणाल्या, "नवी त्यांना, मला आपली जुनीच." माझं रविवारचं झाकण तुटलंय, चिकटपट्टीवर निभावतेय. पाहणी करणाऱ्यांना एकच विनवणी: रिकाम्या कप्प्यावर विसंबू नका. गोळी गेली एवढंच मला कळतं. कुणी घेतली, ते घरात बसून विचारा.

पहिल्या दिवशी काकूंनी स्वतःची गोळी तळहातावर घेतली. "अहो, अख्खीच घ्यायची?"

"अख्खी. तुझी आहे ती."

काकूंनी ती गिळली आणि डोळे पुसले. "झालं! घरात आता दोन आजारी."

"आधीही दोनच होतो गं," काका म्हणाले.