बसलेल्या मायचा नवस

आमच्या पाटोद्यातल्या गल्लीत बाईमाणसाला देवाच्या नावावर कुठंही जाता येतं. देव नसेल तर बसस्टँडसुद्धा लांब. त्यात लेकीच्या सासरी चार दिवस राहायचं म्हणजे तर शोभाच! म्हणून संभाजीनगरला कावेरीकडे जाताना मी गल्लीत सांगून टाकलं, "देवीच्या दर्शनाला निघालेय."

देवीचं दर्शनबिर्शन काही झालं नाही. कावेरीने मला चित्रांच्या संग्रहालयात नेलं. तिथं एका भिंतीवर एक बाई होती. ओट्यावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. पुढ्यात सूप नाही, कडेला पोर नाही. मी तिच्यासमोर इतका वेळ उभी राहिले की कावेरी जाऊन चहा पिऊन आली.

परत येताना मांजरसुंब्याला एसटी थांबली आणि मला एकदम आठवलं. प्रसाद! धावत जाऊन समोरच्या हॉटेलातून अर्धा किलो पेढे घेतले, खोका तिथंच टाकला आणि पेढे माझ्या डब्यात भरले. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही.

घरी पोचले तशा बायका जमल्या, पाया पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय काही मागे घेतले नाहीत. शेजारच्या छबुबाईने पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला.

"कंची देवी म्हनायची, दानाक्का?"

चोराच्या मनात चांदणं. "बसलेली माय," मी ठोकून दिलं.

"हातात काय हाय तिच्या? तिरशूळ? कमळ?"

"काईच न्हाई. रिकामे हात. नुसती बसलीय."

"नुसती बसलीय?" म्हणत छबुबाईने दुसरा पेढा उचलला.

छबुबाईचे मालक सुंदरराव म्हणजे पंचवीस एकरांचे धनी, गल्लीतली मोठी असामी. बायकोला त्यांनी लिंबागणेशच्या गणपतीपलीकडे कधी नेलं नव्हतं, तेही चतुर्थीलाच. महिनाभराने या सुंदररावांना उचकी लागली. दीड दिवस थांबेना. साखर खाऊन झाली, तांब्यावर तांबे पाणी पिऊन झालं, श्वास कोंडून झाला, दवाखान्यातली गोळी झाली. सगळी गल्ली जमली. तेव्हा छबुबाईने सर्वांसमोर पदर पसरला, "बसलेल्या माय, यांची उचकी थांबू दे, तुजी ओटी भराया मी सोता येईन!"

दुपारी उचकी थांबली. उचकी थांबतेच हो! जन्मभर कुणाला लागून राहिलीय का? पण हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या दिवशी सुंदरराव बायकोला घेऊन आमच्या किराणा दुकानात हजर. न फेडलेल्या नवसाला हा माणूस निवडणुकीत पडण्यापेक्षा जास्त भितो.

"दानाक्का, हिला घिऊन जावा. लौकर. मी बी येतो, मायच्या पाया पडतो."

आली का पंचाईत! सुंदरराव तिकीट काढून चित्राच्या पाया पडणार, आणि मग गल्लीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लेकीकडे जायची वाटही कायमची बंद.

छबुबाई ओटीसाठी नारळ कानाशी हलवून बघत होती. वर न बघताच म्हणाली, "तुमी कावून? तितं गडीमानसाला आत सोडत न्हाईत. दानाक्कानंच सांगितलं व्हतं की."

मी असं काही सांगितलं नव्हतं. मी शेर, तर ही सव्वाशेर निघाली.

"व्हय," मी म्हणाले. "लई कडक हाय तितं."

आम्ही दोघी अर्ध्या तिकिटात एसटीने निघालो. गाव मागे पडल्यावर ती देवी नसून चित्र आहे, हे मी तिला सांगून टाकलं. मांजरसुंबा आलं तसं छबुबाईने खिडकीतून बोट दाखवलं.

"माघारी येताना पेढे हितूनच घे. माज्या भावाचा पोरगा भट्टीवर असतो. त्याच्या हातनं विलायची जरा जास्तीच पडती."

"म्हंजी तुला पयल्या पेढ्यालाच कळलं?"

"मंग?"

"मंग नवस कावून बोललीस?"

"देव सोडून दुसरं काई बगाया जाती म्हनलं, तर कोन सोडतंय मला?" ती बाहेर बघत म्हणाली. "लगीन हून बत्तीस वर्सं झाली, दानाक्का. बिनकामाची बसलेली बाई मी अजून बगितली न्हाई. चित्रातली का व्हईना."

इतके दिवस मला माझ्या लबाडीचीच काळजी होती, याची लाज वाटली.

संग्रहालयाच्या दारावरच्या माणसाने नारळ बाहेरच ठेवून घेतला. छबुबाई चित्रासमोरच्या बाकावर टेकली, पिशवी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. रिकामे. तासभर ती तशीच बसून राहिली. मीही शेजारी बसले. तेवढ्या वेळात आम्हाला कुणी चहा मागितला नाही.

घरी आल्यावर सुंदररावांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि विचारलं, "फिटला का नवस?"

"फिटला," छबुबाई म्हणाली. "पर मायनं कौल दिलाय, दर साली येत जा. न्हाईतर..."

"न्हाईतर काय?"

छबुबाईने फक्त पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.