पोचूची माय

दिव्यानीच्या यादीत चूक निघाली, असं आलापल्लीच्या त्या जंगल कामगार संस्थेत आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिला त्याचा जरा जास्तच अभिमान होता. कामगारांच्या घरच्यांचा आरोग्य विमा काढायचा होता. आज संध्याकाळी पाचला यादी बंद, सुटलेलं नाव थेट पुढच्या वर्षी. निम्मे कामगार दूर जंगलात सागाच्या तोडणीवर, आणि तिथे टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही. तरी दिव्यानीने एकेकाला फोनवर गाठून नावं घेतली आणि दोन दिवस बसून ती चाळली. कुणाचा मुलगा बापाहून मोठा, कुणाची मुलगी अजून जन्मायचीच. असल्या चुका वेचताना तिला तांदूळ निवडल्यासारखं बरं वाटायचं.

पोचूच्या घरची नोंद वाचून तर तिला हसूच आलं. सुकरी, नातं आई. पोचूची आई मागच्या वर्षी होळीच्या आधीच गेली होती, त्याच्या रजेचा अर्ज तिनेच लिहून दिला होता. मेलेल्या माणसाचा कसला विमा? तिने नाव उडवलं आणि पुढे गेली.

चार वाजता पोचू सहीला आला. कडेवर दहा महिन्यांची पोर, ओठ निळसर. तिच्या हृदयाला भोक आहे आणि दिवाळीनंतर नागपूरला ऑपरेशन ठरलंय, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

दिव्यानीने वाचून दाखवलं. "पोचू. बायको वच्छला. करा सही."

पोचूचा हात थांबला. "अन् सुकरी?"

"पोचूभाऊ, तुमची माय तं वारली नं?"

"वारली. मंग आली नं वापस." त्याने पोर पुढे केली. "हेच माही माय."

तो सांगत गेला, अगदी साधेपणाने. जन्मल्यावर पोर दूधच घेईना. मग घरच्या म्हातारीने गेलेल्यांची नावं एकेक करून घेतली. सुकरी म्हटलं आणि पोर दूध ओढायला लागली. घरात सगळ्यांना कळलं, कोण आलंय ते.

दिव्यानीने घड्याळाकडे पाहिलं. एक फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पोचू उद्या आला असता, तर या पोरीचं ऑपरेशन तिनेच अडवलं असतं.

"फोनवर लेक म्हणून काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

"मायले लेक कसा म्हनू, मॅडम?"

तिने नाव परत घातलं. लसीकरणाच्या कार्डावरून जन्मतारीख टाकली, ती दोनदा ताडून पाहिली. नात्यापुढे 'मुलगी' लिहून तिने मोठ्याने वाचलं, तेव्हा पोचूने ओशाळून पोरीकडे पाहिलं. "कागदावर असू दे, माय," तो तिलाच म्हणाला, आणि सही केली.

दिव्यानीने आणखी सात नावं अशीच उडवली होती. ती उघडून पहिला फोन लावता लावता तिने विचारलं, "तुमी बायकोच्याबी आधी हिचंच नाव सांगतलं होतं. काऊन?"

पोचू पोरीचं टोपडं नीट करत राहिला.

"माय होती तवाच्या यादीत तिचं नाव मीच देल्लं नाई. म्हातारी हाय, कायले पाह्यजे म्हनलं. मंग दवाखान्यात नेता नाई आलं." त्याने पोर खांद्याशी घेतली. "आता वापस आली, तं पहिले तिचंच सांगतलं."